हरमुखाच्या पाण्यापर्यंत

आमच्या महाविद्यालयात गणित शिकवणारे एक सहकारी श्रीनगरचे. 1990 साली घर सोडून पुण्याला आले ते इथलेच झाले. मराठी उत्तम बोलतात, फक्त 'ळ' अजून त्यांना वश झालेला नाही. 2023 च्या उन्हाळ्यात मी काश्मीरमधली उंचावरची सरोवरे पायी पाहायला निघणार असल्याचे त्यांना कळले, तेव्हा ते घरी आले आणि इकडचे तिकडचे न बोलता म्हणाले, "मॅडम, एक काम करा. गंगबलहून खाली नारानागला उतराल तेव्हा तो चढ नीट बघून या. माझे वय एकाहत्तर. माझ्याच्याने होईल की नाही, तेवढे खरे सांगा. मन राखायला सांगू नका."

त्यांचे वडील 1997 मध्ये पुण्यातच गेले. काश्मिरी पंडितांत वर्षभरात गेलेल्यांच्या अस्थी भाद्रपद शुद्ध अष्टमीला, गंगाष्टमीला, हरमुख पर्वताखालच्या गंगबल सरोवरात सोडायची जुनी रीत होती. वडिलांच्या अस्थी हरिद्वारला गेल्या. निदान त्या पाण्याशी उभे राहून एकदा तर्पण करावे एवढीच सरांची इच्छा. मी भूगोल शिकवण्यात तीस वर्षे घालवली आहेत, पण चढ 'खरा' सांगण्याची जबाबदारी माझ्यावर पहिल्यांदाच आली. पुढे जे लिहिते आहे ते त्या सात दिवसांचे प्रवासवर्णन कमी आणि ती सरोवरे तिथे का आहेत, त्यांच्याविषयी आपल्याला माहिती कशी मिळाली, याचा शोध जास्त आहे. त्या शोधाचा एक धागा पुण्यातच निघाला, ते मात्र अनपेक्षित होते.

आधी वाट सांगते. ही वाट सोनमर्गहून (सुमारे 2750 मीटर) सुरू होते. निचनई खिंड ओलांडून विशनसर आणि किशनसर, मग गडसर खिंडीपलीकडे गडसर, पुढे सतसर, झाज खिंड, आणि तिथून उतरून गंगबल व नंदकोल ही जोडसरोवरे. शेवटी नारानागला उतरायचे. एकूण सत्तरेक किलोमीटर. खिंडी चार ते सव्वाचार हजार मीटरच्या घरात, सरोवरे साधारण साडेतीन ते पावणेचार हजारांवर. मुक्काम तंबूत. वाटेत गाव नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. लष्कराच्या चौक्या मात्र आहेत, तिथे ओळखपत्र दाखवावे लागते. जुलै ते सप्टेंबरचा मध्य एवढाच काळ ही वाट मोकळी असते. आपण सह्याद्रीत धुक्यात आणि चिखलात असतो तेव्हा तिथे फुलांचा हंगाम असतो, कारण पीर पंजालची रांग मोसमी वाऱ्यांचा बराचसा जोर अडवते. बराचसा म्हटले, सगळा नव्हे. आम्ही दोन रात्री भिजलो.

नावे ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. काश्मिरीत 'सर' म्हणजे सरोवर, 'नाग' म्हणजे झरा आणि 'बल' म्हणजे ठिकाण, बहुधा पाण्याकाठचे. वेरीनाग, अनंतनाग, कोकरनाग ही झऱ्यांची गावे, तर मानसबल, हजरतबल ही पाण्याकाठची. 'मर्ग' म्हणजे कुरण. एवढे चार शब्द माहीत असले की काश्मीरचा नकाशा आपोआप बोलू लागतो. गडसरला वाटाडे 'फुलांचे सरोवर' म्हणतात आणि ऑगस्टच्या आरंभी ते पाहिल्यावर कुणी वाद घालणार नाही. पण काश्मिरीत 'गाड' म्हणजे मासा. नाव बहुधा माशांवरून आले असावे, फुलांवरून नव्हे. आमचा वाटाड्या या खुलाशावर फारसा खूश झाला नाही.

पहिल्या दिवशी सोनमर्गच्या कुरणातून चढत गेले की देवदारासारखी सूचिपर्णी झाडे मागे पडतात आणि वृक्षरेषेच्या जरा खाली एक निराळेच वन लागते. पांढरट, तांबूस सालीची, वाकडी झालेली झाडे. सालीचे पापुद्रे वाऱ्यावर फडफडत असतात. ही भूर्जवृक्षाची झाडे, म्हणजे भूर्जपत्र देणारी. हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याखाली खोडे उताराकडे वाकतात आणि उन्हाळ्यात पुन्हा वर वळतात, म्हणून प्रत्येक झाड बुडाशी कोपरासारखे वाकलेले. एक पापुद्रा खाली पडला होता तो उचलून पाहिला. आतली बाजू मऊ, फिकट, आणि त्यावर आडव्या बारीक रेघा. त्यावर काही लिहावे असे सहज वाटते, आणि शतकानुशतके काश्मीरने तेच केले. मोगल काळात कागद रुळेपर्यंत तिथल्या पोथ्या याच सालीवर, शारदा लिपीत लिहिल्या जात.

1875 साली मुंबई सरकारच्या शिक्षणखात्यातले संस्कृत पंडित गेओर्ग ब्यूलर हस्तलिखितांच्या शोधात काश्मीरला गेले. तिथून त्यांनी भूर्जपत्रांवरच्या आणि कागदावरच्या पुष्कळ पोथ्या मिळवल्या. त्यांचा अहवाल 1877 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाचा जादा अंक म्हणून निघाला. या सरकारी पोथ्या पुढे डेक्कन कॉलेजात होत्या आणि 1918 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आल्या. 2007 मध्ये युनेस्कोने 'जगाची स्मृती' म्हणून नोंदवलेल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांत काश्मीरची भूर्जपत्रावरची पोथी आहे, ती याच संग्रहातली. मी लॉ कॉलेज रस्त्याने आयुष्यभर ये-जा केली. त्या इमारतीतल्या एका पोथीची पाने ज्या जातीच्या झाडाची, त्याखाली बसून डबा खाताना मला पहिल्यांदा त्या इमारतीची खरी आठवण झाली.

ब्यूलर यांनी आणखी एका ग्रंथाचे मोल ओळखले: नीलमतपुराण. काश्मीरच्या तीर्थांची, झऱ्यांची, सरोवरांची माहिती या ग्रंथात जितकी साठली आहे तितकी दुसरीकडे कुठे नाही. सगळे काश्मीर आधी 'सतीसर' नावाचे एक अफाट सरोवर होते, त्यात जलोद्भव नावाचा असुर राहत असे, देवांनी डोंगर फोडून पाणी काढून दिले तेव्हा भूमी उघडी पडली, ही कथा याच पुराणातली. गंमत अशी की खोऱ्यात एके काळी खरोखरच विस्तीर्ण सरोवर होते. 'करेवा' नावाचे जे सपाट टेकाड पांपोरच्या केशराच्या शेतांखाली आहे, तो त्या सरोवराच्या गाळाचाच थर. पुराणकारांना भूविज्ञान माहीत होते असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. पण सपाट खोरे, भोवती डोंगर आणि बारामुल्लाला एकच अरुंद वाट, हे पाहून एखाद्या बुद्धिमान माणसाला इथे पाणी साचलेले असणार असे वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

निचनई खिंड मी गर्वाने चढले. सह्याद्रीत चाळीस वर्षे फिरलेली बाई, खिंडीचा बाऊ काय करायचा! चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के उरतो. प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे प्रमाण तेवढेच कमी. शरीर त्याला सरावते, पण त्याला दिवस लागतात, आणि शरीर तुमचा अनुभव विचारात घेत नाही. विशनसरला पोचले तेव्हा डोके ठणकत होते, जेवण समोर आले आणि नकोसे झाले. वाटाड्याने माझे ओठ आणि नखे पाहिली, सरळ उभी राहून चालायला लावले, पाणी पाजले आणि सांगितले की सकाळपर्यंत उतरले नाही तर खाली जायचे. उंचीच्या आजारावर खरा उपाय तो एकच: खाली उतरणे. सकाळी डोके उतरले. आमच्यातल्या एका मुलीचे उतरले नाही, उलट तिला उलट्या सुरू झाल्या. तिला घोड्यावरून सोनमर्गला परत पाठवले. ती रडत होती, पण तो निर्णय बरोबरच होता. सरांना सांगायच्या गोष्टींत मी वहीत पहिली नोंद केली ती ही. स्वयंपाक्याची अडचण निराळी. एवढ्या उंचीवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे कुकर नसेल तर डाळ शिजतच नाही.

विशनसरच्या काठी दुसरा दिवस विश्रांतीचा होता आणि मला भूगोल पाहायला मिळाला. वर्गात मी हिमनदीचे कार्य फळ्यावर आकृती काढून शिकवत आले. इथे आकृतीतच बसले होते. डोंगराच्या कुशीत बर्फ साचते, वर्षानुवर्षे दाबले जाऊन त्याचे हिम होते आणि ते स्वतःच्या वजनाने सरकू लागते. सरकताना तळातले खडक उपटते, त्याच खडकांनी तळ घासते. याने डोंगरात आरामखुर्चीसारखा खोलगट भाग तयार होतो: पाठ उभी, बैठक खोल, पुढची कड जरा उंच. याला आपल्या पाठ्यपुस्तकात हिमगव्हर म्हणतात. हिम वितळून गेले की त्या बैठकीत पाणी साठते. पुढच्या कडेला बऱ्याचदा हिमनदीने वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा आणि मातीचा बांध असतो, तो हिमोढ. किशनसर तशाच एका कुशीत बसले आहे. त्याचे पाणी खाली विशनसरमध्ये येते आणि विशनसरमधून बाहेर पडणारा ओढा म्हणजे किशनगंगेचा उगम.

गडसर खिंडीच्या चढावर मागे वळून पाहिले की दोन्ही सरोवरे एकदम दिसतात आणि दोघांचे रंग निराळे. पाणी मुळात तांबड्या प्रकाशाला शोषून घेते, म्हणून खोल स्वच्छ पाणी निळे दिसते. पण जिथे अजून जिवंत हिमनदी वर खडक घासते आहे, तिथे खडकाचे पिठासारखे बारीक चूर्ण पाण्यातून येते. ते इतके हलके असते की बसत नाही, लोंबकळत राहते आणि निळा-हिरवा प्रकाश उधळते. म्हणून ज्या सरोवरावर हिमनदीचा हात अजून आहे, ते दुधट हिरवे. ज्याचा गाळ खाली बसला आहे, ते गडद निळे. ढग आले की दोघांचाही शिसवी रंग होतो आणि भूगोलाचा सगळा खुलासा निरुपयोगी ठरतो.

निचनई खिंडीत आपण एक जलविभाजक ओलांडतो, हे सांगायचे राहिले. अलीकडचे पाणी सिंधला जाते. ही सिंध म्हणजे सिंधू नव्हे. सोनमर्गवरून वाहणारी, शादीपूरजवळ झेलमला मिळणारी ही काश्मीरची घरची नदी. पलीकडचे, विशनसरचे पाणी किशनगंगेने गुरेझमधून जाते, नियंत्रण रेषा ओलांडते, तिथे तिला नीलम म्हणतात, आणि मुझफ्फराबादला ती झेलममध्ये शिरते. म्हणजे दोन्ही पाणी शेवटी एकाच नदीचे. गुरेझला धरण बांधून किशनगंगेचे पाणी बोगद्यातून वुलरच्या बाजूला वळवणारा 330 मेगावॅटचा प्रकल्प 2018 मध्ये सुरू झाला. त्यावरून भारत-पाकिस्तानचा वाद हेगच्या लवादात गेला होता आणि नदीत सेकंदाला किमान 9 घनमीटर पाणी सोडत राहावे असे 2013 मध्ये तिथे ठरले. विशनसरला तोंड धुताना हे आठवते आणि आपण जगाच्या टोकाला आलो आहोत हा भ्रम जातो.

भ्रम जायला आणखी एक कारण आहे. या सरोवरांत ट्राउट मासे आहेत. ते मूळचे इथले नव्हेत. 1900 च्या सुमारास ब्रिटिशांनी शिकारीच्या हौसेसाठी त्यांची अंडी विलायतेहून आणवली आणि काश्मीरच्या पाण्यात वाढवली. आता गळ टाकायला मत्स्यविभागाचा परवाना लागतो. 'अस्पर्श' असे विशेषण पर्यटनाच्या जाहिरातींनी या पाण्याला लावले आहे, त्याला एवढा एक तपकिरी ठिपक्यांचा मासा पुरेसे उत्तर आहे. शिवाय ही कुरणे रिकामी कधीच नव्हती. जम्मूकडच्या डोंगरपायथ्याचे गुज्जर-बकरवाल दर उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्या, घोडे, कुत्री आणि सगळा संसार घेऊन इथे येतात, दगडमातीच्या धोकांत राहतात आणि थंडी पडली की उतरतात. आपल्या धनगरांची ही वाट आडवी, घाटावरून कोकणात, त्यांची उभी. एका म्हातारीने आम्हाला मीठ घातलेला चहा दिला आणि विचारले की तुम्ही चरायला काही आणलेले नाही, मग इतके लांब कशाला आलात. नीटसे उत्तर देता आले नाही.

सतसर म्हणजे सात सरोवरे, पण आम्ही गेलो तेव्हा काहींत गुडघाभर पाणी होते आणि एक-दोन नुसती ओल. सरोवराचे म्हातारपण पाहायचे असेल तर इथे पाहावे. गेले हिमयुग संपले त्याला साडेअकरा-बारा हजार वर्षे झाली. या सरोवरांचे वय पृथ्वीच्या हिशेबात काहीच नाही. पण प्रत्येक ओढा गाळ आणतो, काठाला गवत धरते, आणि एक दिवस सरोवराचे मर्ग होते. आम्ही ज्या सपाट हिरवळीवर तंबू ठोकत होतो त्यांतली कितीतरी पूर्वी सरोवरे असतील.

झाज खिंडीतून गंगबल आणि नंदकोल पहिल्यांदा दिसतात. दोन्ही खाली एकाशेजारी एक, आणि वर हरमुख, 5142 मीटर. गंगबल अडीच किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद. त्याचे पाणी नंदकोलात उतरते आणि तिथून वांगतच्या नाल्याने सिंधकडे जाते. या भागातले काळपट खडक पंजाल ट्रॅपचे, म्हणजे लाव्हाचे. आपल्या दख्खनच्या ट्रॅपचे हे थोरले भावंड: दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, तर पंजालचा 28-29 कोटी वर्षांपूर्वीचा. मात्र आपल्याकडे पायऱ्यापायऱ्यांनी आडवा पसरलेला तो खडक इथे हिमालयाच्या उचलीत वाकला, तुटला, उभा झाला. ओळखीचा माणूस परक्या पोशाखात भेटावा तसे काहीसे वाटले.

1856 च्या सप्टेंबरात थॉमस माँटगोमरी हा सर्वेक्षण अधिकारी हरमुखाच्या एका शिखरावर यंत्र घेऊन चढला. तिथून दोनशे किलोमीटरहून लांब काराकोरमची दोन ठळक शिखरे त्याला दिसली. त्याने त्यांना के-1 आणि के-2 अशी तात्पुरती नावे दिली. पहिल्याचे स्थानिक नाव मशरब्रुम सापडले. दुसऱ्याचे तात्पुरते नाव कायमचे झाले. जगातले दुसरे उंच शिखर आज ज्या नावाने ओळखले जाते ते असे हरमुखावर ठरले.

पण त्याच्या सातशे वर्षे आधी या पाण्याशी येणाऱ्या एका माणसाची नोंद मला अधिक मोलाची वाटते. कल्हणाने राजतरंगिणी 1148 ते 1150 च्या दरम्यान रचली. ऑरेल स्टाइन यांनी शोधून संपादलेली तिची संहिता 1892 मध्ये मुंबईत छापली गेली आणि त्यांचा इंग्रजी अनुवाद 1900 मध्ये आला. अनुवादाचे पुष्कळसे काम त्यांनी याच सिंध खोऱ्यावरच्या मोहंद मर्ग या कुरणात तंबू ठोकून केले. कल्हण या परिसराला नंदिक्षेत्र म्हणतो, गंगबलला उत्तरगंगा, आणि आपले वडील चंपक, जे राजा हर्षाचे अमात्य होते, ते दरवर्षी सात दिवस नंदिक्षेत्री येऊन राहत असे सांगतो. ग्रंथभर राजांची कारस्थाने सांगणारा हा माणूस वडिलांविषयी हे एक वाक्य मध्येच लिहून जातो. आमचीही वाट सात दिवसांचीच होती, हा अर्थात योगायोग. पण वडिलांसाठी इथे येऊ पाहणाऱ्या माणसाचा निरोप माझ्या पिशवीत होता, तेव्हा तो योगायोग म्हणून सोडून देणे जरा जड गेले.

सातव्या दिवशी मी उतरले नाही, चढ मोजला. म्हणजे पाय उतरत होते आणि वही उलट वाचत होती. गंगबल साडेतीन हजार मीटरच्या थोडे वर, नारानाग बावीसशेच्या आसपास. म्हणजे तेराशे मीटर चढ आणि चौदा-पंधरा किलोमीटर अंतर. वरचा त्रुंखोलपर्यंतचा भाग सोपा, कुरणातून, हलका चढउतार. खालचा सूचिपर्णी वनातला उतार मात्र उभा. माझे डावे गुडघे तिथे बोलू लागले, आणि मी उतरत होते. वाटेत पाण्याचे झरे दोन. नारानागला आठव्या शतकातल्या, ललितादित्याच्या काळच्या भूतेश मंदिरांचे भग्न समूह आहेत. शिखरे ढासळलेली, पण दगडी कुंडात झऱ्याचे स्वच्छ पाणी अजून भरलेले. 2009 पासून गंगाष्टमीच्या सुमारास पंडितांची यात्रा इथूनच पुन्हा वर जाऊ लागली आहे.

पुण्याला आल्यावर सरांना सगळे सांगितले. पहिल्याच दिवशी निचनईला मी कशी आजारी पडले तेही सांगितले, लपवले नाही. एका दिवसात वर जाऊ नका, मध्ये मुक्काम करा, आधी दोन दिवस सोनमर्गला राहा, डोके दुखले तर लाज न बाळगता उतरा. चढ म्हणाल तर सिंहगड आतकरवाडीहून एकापाठोपाठ दोनदा चढायचा. ते वहीत लिहून घेत होते, गणिताच्या माणसासारखे एकाखाली एक.

"घोडा कुठपर्यंत जातो?"

"पार सरोवरापर्यंत."

"शेवटचे पाण्यापर्यंतचे किती?"

ते मी मोजले नव्हते. काठाला मोठे दगड आहेत, त्यांवरून जपून जावे लागते, पाचदहा मिनिटे लागतील, एवढेच सांगितले. त्यांनी तेही लिहिले. मग वही मिटून म्हणाले, "घोडा खालच्या चढापुरता घेऊ. दगडांवरून मी जाईन."

पुढच्या रविवारी सकाळी सहाला त्यांचा फोन आला. ते स्वारगेटला सिंहगड पायथ्याच्या बसची वाट पाहत उभे होते.